हस्तिदंती मुलीला वाचा फुटते

'ती फुलराणी'तल्या मंजुळेचं माहेर लंडन, हे नाटकवेड्यांना सांगायला नको. पण तिचं मूळ त्याहून जुनं आहे. तिची खापरपणजी सायप्रस बेटावरची आणि हस्तिदंताची!

मूर्तीच्या प्रेमात पडलेल्या पिग्मॅलियनची ही कथा आज आपण ज्या रूपात ओळखतो, ते लॅटिन कवी ओव्हिडचं, साधारण इ. स. ८ च्या सुमाराचं. त्याआधीच्या ग्रीक कथेत पिग्मॅलियन सायप्रसचा राजा होता आणि त्याचा जीव जडला होता तो देवळातल्या ॲफ्रोडाइटीच्या, म्हणजे साक्षात प्रेमदेवतेच्याच मूर्तीवर. प्रकरण जरा ओशाळवाणंच. ओव्हिडने राजाचा शिल्पकार केला, मूर्तीही त्याच्याच हातची केली. मग हा गडी तिला शिंपले, गुळगुळीत खडे, पाखरं, फुलं आणून देतो, बोटांत अंगठ्या घालतो. दंड जरा जोरात दाबला गेला तर वळ उठेल म्हणून घाबरतो. व्हीनसच्या (ॲफ्रोडाइटीचं रोमन नाव) उत्सवात 'हिच्यासारखी बायको दे' असं चाचरत मागतो (हीच दे, म्हणायचा धीर होत नाही). घरी येतो तर हस्तिदंत उन्हातल्या मेणासारखा मऊ पडू लागलेला. ती लाजते, डोळे उघडते, लग्न होतं, मूल होतं. पण अख्ख्या कथेत ती अवाक्षर बोलत नाही. तिला नावसुद्धा नाही.

गॅलेटिया हे नाव रुळलं थेट अठराव्या शतकात, फ्रेंच भाषेत लिहिणारा विचारवंत रूसो याच्या छोट्या नाट्यकृतीमुळे. १७७० मध्ये फ्रान्समधल्या लिऑन शहरात तिचा प्रयोग झाला. त्यात जिवंत झालेली मूर्ती स्वतःला हात लावून म्हणते, 'मी'. मग शेजारच्या संगमरवराला हात लावते : 'हे आता मी नाही.' मोजकीच वाक्यं, पण तोंड उघडलं.

बर्नार्ड शॉच्या हाती ती पडली आणि मग बोलायचं थांबेना. 'पिग्मॅलियन'चा पहिला प्रयोग १९१३ मध्ये व्हिएन्नात, तोही जर्मन भाषेत. लंडनला नाटक पुढच्या वर्षी आलं. इथे मूर्ती म्हणजे फुलं विकणारी एलायझा, शिल्पकार म्हणजे तिला शुद्ध बोलायला शिकवणारे प्रोफेसर हिगिन्स, आणि छिन्नी म्हणजे उच्चारशास्त्र. मला कौतुक वाटतं ते शॉच्या हट्टाचं. लंडनच्या प्रयोगात हिगिन्स झालेला नट शेवटी एलायझाकडे फुलं फेकून प्रेम सूचित करू लागला, तेव्हा शॉ भडकला. १९१६ च्या आवृत्तीत त्याने लांबलचक उपसंहार जोडला : एलायझा लग्न करते ते तिच्यावर भाळलेल्या तरुण फ्रेडीशी, मास्तरांशी नव्हे. उपयोग शून्य. १९३८ च्या चित्रपटात आणि १९५६ च्या 'माय फेअर लेडी' या संगीतिकेत ती हिगिन्सकडे परत आलीच.

पुलंनी १९७५ मध्ये तिला मराठीत आणलं आणि भक्ती बर्वेंनी ती अजरामर केली. गंमत अशी, की आपल्याला आठवते ती घासूनपुसून शुद्ध झालेली मंजुळा नाही. एकपात्री स्पर्धेत आजही एखादी मुलगी कमरेवर हात ठेवून उभी राहते, आणि 'तुला शिकवीन चांगलाच धडा' म्हणते ते मंजुळेच्या आपल्या, मास्तरांचा हात न लागलेल्या भाषेत.