ब्रुकलिन पूल

ब्रुकलिन पूल : न्यूयॉर्क शहराच्या मॅनहॅटन आणि ब्रुकलिन या विभागांना जोडणारा, ईस्ट रिव्हरवरील झुलता पूल. 24 मे 1883 रोजी तो वाहतुकीस खुला झाला, तेव्हा ब्रुकलिन हे स्वतंत्र शहर होते (1898 मध्ये ते न्यूयॉर्कमध्ये विलीन झाले) आणि दोन्ही काठांमधील ये-जा फेरीबोटींवर अवलंबून होती. हिवाळ्यात पाण्यात बर्फ साचले की तीही खोळंबत असे. पुलाचा मुख्य गाळा (दोन मनोऱ्यांमधील भाग) 486 मी. लांबीचा असून त्या काळी तो जगातील झुलत्या पुलांमध्ये सर्वांत लांब होता. आराखडा जॉन ऑगस्टस रोबलिंग यांचा. 1869 मध्ये जागेची पाहणी करताना त्यांचा पाय चिरडला आणि धनुर्वाताने ते मरण पावले. पुढे त्यांचे पुत्र वॉशिंग्टन रोबलिंग यांनी काम हाती घेतले; पाया खोदताना दाबाखालच्या हवेत वावरल्याने जडलेल्या विकाराने ते अंथरुणाला खिळल्यावर त्यांच्या पत्नी एमिली यांनी अभियंत्यांशी दैनंदिन संपर्क ठेवून ते तडीस नेण्यास मोठा हातभार लावला.

पुलाची रुंदी सुमारे 26 मी. आहे. ती वाढली नाही. तिची वाटणी मात्र पुनःपुन्हा बदलली. मूळ मांडणीत दोन्ही कडांना घोडागाड्यांचे रस्ते, त्यांच्या आतल्या बाजूस तारेच्या दोराने ओढल्या जाणाऱ्या रेल्वेचे दोन मार्ग आणि मधोमध, वाहनांच्या वरून जाणारा फळ्यांचा पादचारी मार्ग होता. गजबजलेल्या व्यापारी शहरात म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि आजाऱ्यांना मोकळ्या हवेत फिरता यावे, हा विचार जॉन रोबलिंग यांनी आपल्या अहवालातच मांडला होता. पायी चालणाऱ्याला पुलावरील सर्वांत उंच आणि उत्तम जागा देणारी अशी योजना नंतरच्या पुलांत क्वचितच आढळते.

आरंभी प्रत्येकाला पथकर द्यावा लागे : पादचाऱ्यास 1 सेंट, घोडेस्वारास 5, घोडागाडीस 10, गायीस 5 आणि मेंढरास किंवा डुकरास 2 सेंट. या दरपत्रकावरून पुलावर कोणकोण चालत असे, हे आपोआपच कळते. उद्घाटनानंतर आठवडाही लोटला नव्हता, तोच 30 मे रोजी मॅनहॅटनकडील अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन 12 जण मृत्युमुखी पडले. पुढील वर्षी सर्कसवाले पी. टी. बार्नम यांनी 21 हत्ती पुलावरून नेले. ती अर्थातच जाहिरात होती, पण पूल भक्कम असल्याचा लोकांना त्यातून दिलासाही मिळाला. पादचाऱ्यांचा कर 1891 मध्ये आणि उरलेला 1911 मध्ये रद्द झाला.

तारदोराच्या रेल्वेच्या जोडीला 1898 पासून ट्राम आणि ब्रुकलिनच्या उन्नत (खांबांवरून जाणाऱ्या) रेल्वेमार्गावरील गाड्याही पुलावरून धावू लागल्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुलावरील प्रवासी वाहतूक शिगेला पोहोचली. 1944 मध्ये रेल्वे आणि 1950 मध्ये ट्राम बंद झाली. पूल-अभियंते डेव्हिड स्टाइनमन यांच्या देखरेखीखाली 1954 पर्यंत झालेल्या पुनर्रचनेत रूळ काढून मोटारींसाठी सहा मार्गिका करण्यात आल्या. अवजड वाहनांना पुलावर मज्जाव असल्याने मालमोटारी तेथून जात नाहीत. मोटारींना अधिक जागा मिळूनही पूल ओलांडणाऱ्या माणसांची संख्या मात्र रेल्वे-ट्रामच्या दिवसांपेक्षा घटली, आणि आधुनिकीकरण म्हणून झालेल्या या बदलाचे मोजमाप वाहनांच्या संख्येवर करावे की माणसांच्या, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही.

सायकलस्वारांची सोय मूळ आराखड्यात नव्हती. वरच्या पादचारी मार्गावरच रंगाचा पट्टा मारून एक बाजू त्यांना दिली गेली. परंतु हा मार्ग काही ठिकाणी जेमतेम 3 मी. रुंद आहे. छायाचित्रे काढण्यासाठी थबकणारे पर्यटक, घाईने कामावर निघालेले पादचारी आणि उतारावरून वेगाने येणारे सायकलस्वार यांच्यात रोज खटके उडत. अखेर सप्टेंबर 2021 मध्ये मॅनहॅटनकडे जाणारी मोटारींची एक मार्गिका कमी करून तेथे सायकलींसाठी दुहेरी, कठड्याने वेगळा केलेला मार्ग सुरू झाला आणि वरचा मार्ग केवळ पादचाऱ्यांकडे राहिला. मोकळ्या झालेल्या जागेत फेरीवाल्यांची दुकाने वाढली, तेव्हा जानेवारी 2024 पासून शहराने पुलांवरील विक्रीस बंदी घातली.