‘हुजूर’ : माणसाआधी सान्निध्याला मुजरा

उर्दूत समोरच्या आदरणीय व्यक्तीला ‘हुजूर’ म्हणतात खरं, पण मुळात हा शब्द व्यक्तीचा नव्हेच. अरबीत त्याचा अर्थ उपस्थिती, हजर असणं. अरबीतल्या जड ‘द’चा फारसीत ‘ज’ झाला, तोही जहाजातला ‘ज’, आणि फारसीच्या दरबारी वाटेनं शब्द उर्दूत उतरला. ‘बादशहाच्या हुजुरात’ म्हणजे बादशहाच्या समक्ष. पुढे ज्याच्या समक्ष उभं राहायचं, त्यालाच ‘हुजूर’ म्हणू लागले.

ही रीत मला फार देखणी वाटते. थोरामोठ्यांना थेट हाक मारायची नाही, त्यांच्या भोवतीच्या जागेला वंदन करायचं. ‘जनाब’चंही तसंच. अरबीत त्याचा अर्थ बाजू, घरापुढची मोकळी जागा. ‘किब्ला’ ही तर नमाजाच्या वेळी तोंड करण्याची दिशा, आणि उर्दूत वडीलधाऱ्यांनाही ‘किब्ला’ म्हणतात. आपण पत्रात वडिलांना ‘तीर्थरूप’ लिहायचो, त्यामागचा भाव याहून निराळा नव्हता.

‘हजरत’ हे हुजूरचं सख्खं भावंड. पैगंबर आणि सूफी संतांच्या नावाआधी ते येतं. हैदराबादचा निजाम ‘आला हजरत’ म्हणवला जाई. आणि उर्दूभाषक मुसलमान नुसतं ‘हुजूर’ म्हणतात, तेव्हा पुष्कळदा ते मुहम्मद पैगंबरांविषयी बोलत असतात.

मराठीत तर हे घराणं कधीच मुरलं. हजर, हजेरी, गैरहजर, हजरजबाबी हे सारे त्यातलेच. पेशवाईत ‘हुजूर’ म्हणजे खुद्द पेशवे सरकार. त्यावरून हुजूर दफ्तर, जवळचा सेवक तो हुजऱ्या, आणि घोड्यांची हुजूरपागा. त्या पागेच्या जागेवरची, १८८४ मध्ये सुरू झालेली मुलींची शाळा पुण्यात आजही ‘हुजूरपागा’च आहे.

‘जी हुजूर’चा अर्थ मात्र लाळघोटेपणापर्यंत घसरला, याचं वाईट वाटतं. मूळ अर्थ लख्ख उरलाय तो नांदेडात. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी गोदावरीकाठी जिथे देह ठेवला, त्या स्थानाला शीख ‘हुजूर साहिब’ म्हणतात. रेल्वे स्थानकाच्या पाटीवरही तेच नाव आहे : हुजूर साहिब नांदेड.