गोळी लिहायची कुणी?

सत्तरीच्या एक बाई आहेत असं समजा. ब्लड प्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी वर्षानुवर्षं चालू. यजमान गेल्यावर खिन्न राहू लागल्या, म्हणून एसिटॅलोप्राम ही नैराश्याची गोळी सुरू झाली. दोनेक आठवड्यांत बाई सुस्तावल्या, बोलताना गोंधळायला लागल्या, चालताना तोल जाऊ लागला. घरच्यांना वाटणार की नैराश्य वाढलं, डोस कमी पडतोय. पण रक्त तपासलं तर सोडियम १३५ या किमान सामान्य पातळीच्या बरंच खाली सापडू शकतं. या दोन्ही गोळ्या सोडियम उतरवतात, उतारवयात तर जास्तच. अशा वेळी डोस वाढवला तर बाई थेट आयसीयूत जायच्या.

मानसशास्त्रज्ञांना, म्हणजे मनोविकारतज्ज्ञांसारखे डॉक्टर नसलेल्यांना, औषधं लिहू द्यावीत का, या अमेरिकेतल्या जुन्या भांडणाची मेख इथे आहे. मनासाठी घेतलेली गोळी सगळ्या शरीरात फिरते. लिथियम हे मनोविकाराचं औषध देताना किडनी आणि थायरॉइडवर लक्ष ठेवावं लागतं, क्लोझापिन या दुसऱ्या औषधाला रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजत राहाव्या लागतात.

तिथल्या लष्कराने १९९१ मध्ये मानसशास्त्रज्ञांना औषधोपचार शिकवून पाहिले. १९९७ पर्यंत दहा जण तयार झाले. त्यांचं काम सुरक्षित ठरलं, मात्र शरीराच्या आजारांची त्यांची जाण मनोविकारतज्ज्ञांपेक्षा कमी असल्याचं मूल्यमापन करणाऱ्यांनी नोंदवलं. खर्च झाला माणशी सुमारे ६ लाख डॉलर! पुढे २००२ मध्ये न्यू मेक्सिकोने कायदा केला: पीएचडीनंतर ४५० तासांचे वर्ग, देखरेखीखाली किमान १०० रुग्ण, परीक्षा, आणि मग दोन वर्षं डॉक्टरच्या नजरेखाली काम. २०२४ पर्यंत अशी सात राज्यं झाली. ओरेगॉनमध्ये मात्र विधेयक दोनदा मंजूर होऊनही गव्हर्नरांनी नाकारलं.

समर्थकांचा एक मुद्दा मला पटतो. तिकडे नैराश्याच्या बहुतेक गोळ्या फॅमिली डॉक्टरच लिहितात, तेही घाईघाईत. पेशंटशी तासभर बोलणारा माणूस गोळी बंद कधी करायची हेही नीट ठरवू शकेल. इलिनॉयने मधला मार्ग काढला: १७ पेक्षा लहान, ६५ पेक्षा मोठे, गरोदर स्त्रिया आणि गंभीर शारीरिक आजार असलेले रुग्ण मानसशास्त्रज्ञाच्या चिठ्ठीबाहेर. वरच्या बाई आपोआप वगळल्या गेल्या. मला ही आखणी शहाणपणाची वाटते, जरी औषधांची गरज असलेले बरेच जण नेमके याच यादीत असले तरी.

हाच कायदा आपल्याकडे आणावा का? सध्या २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा उपचार करणाऱ्याला स्वतःच्या व्यवसायाच्या कक्षेबाहेरचं औषध सुचवायला मनाई करतो. आणि मनोविकारतज्ज्ञ कमी आहेत म्हणून मानसशास्त्रज्ञांना लिहू द्या, हा अमेरिकेतला टंचाईचा युक्तिवाद इथे उलटा पडतो. भारतात लाखामागे एकही मनोविकारतज्ज्ञ येत नाही हे खरं, पण प्रशिक्षित क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे रुग्णांवर उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ, त्याहूनही थोडे. त्यांच्या हाती चिठ्ठ्यांचं पॅड दिलं की समुपदेशनाला आहे तो वेळही जाईल. त्यापेक्षा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात ठरल्याप्रमाणे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एमबीबीएस डॉक्टरला नैराश्य ओळखायला शिकवलं, तर सोडियम तपासायचं त्याला वेगळं सांगावं लागणार नाही.