अली कुशैब हेगला पोचला कसा

एप्रिल २०२२. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात अली मुहम्मद अली अब्द-अल-रहमानवरचे ३१ आरोप वाचले गेले. त्याने सगळे नाकारले. सुदानच्या दारफुरमधल्या जंजावीद या सशस्त्र अरब टोळ्यांचा म्होरक्या ‘अली कुशैब’ आपण नाहीच, हा त्याच्या बचावाचा गाभा होता.

दारफुर म्हणजे फुर लोकांचे घर. सुदानच्या या पश्चिम भागात फुर आणि मसालित शेती करत, तर अरब टोळ्या उंट-गुरे घेऊन फिरत. सुगीनंतर रिकाम्या शेतांत जनावरे चारायची, असा जुना समझोता होता. १९८०च्या दशकातल्या दुष्काळाने तो मोडला. पण भांडण पाण्याचे होते एवढेच सांगून थांबणे मृतांवर अन्याय करणारे आहे, कारण बंदुका राजधानी खार्तूमहून आल्या. एप्रिल २००३ मध्ये बंडखोरांनी दारफुरमधल्या अल-फाशेर शहराच्या विमानतळावर हल्ला करून लष्कराची विमाने जाळली. राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीरच्या सरकारने मग अरब टोळ्यांना शस्त्रे आणि मोकळीक दिली. वरून विमाने, खालून जंजावीद; मधे गावे.

कुशैबवरचे आरोप दारफुरमधल्या वादी सालिह आणि मुकजर या पट्ट्यातले. ऑगस्ट २००३ मध्ये कोदूम आणि बिंदिसी ही गावे जाळली, बायकांवर बलात्कार झाले. पुढच्या वसंतात मुकजर आणि देलेजमध्ये फुर पुरुष पकडून गाड्यांत कोंबले, गावाबाहेर नेऊन गोळ्या घातल्या. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने दारफुरमध्ये सुमारे ३ लाख माणसे मेली.

सुदान या न्यायालयाचा सदस्य नाही. मार्च २००५ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव १५९३ करून प्रकरण तिथे धाडले, म्हणून खटला शक्य झाला. एप्रिल २००७ मध्ये कुशैबवर वॉरंट निघाले आणि तेरा वर्षे कागदावरच राहिले. २०१९ मध्ये बशीरची सत्ता गेली, कुशैबच्या डोक्यावरचे छत्र गेले. तो मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात पळाला आणि जून २०२० मध्ये शरण आला. त्याआधी त्याने एक चित्रफीत केली होती आणि तीत स्वतःची ओळख अली कुशैब अशीच सांगितली होती.

६ ऑक्टोबर २०२५ रोजी तो २७ आरोपांत दोषी ठरला. डिसेंबरात २० वर्षांची शिक्षा झाली. ज्यांच्या सरकारने त्याला बळ दिले ते बशीर अजून हेगपुढे उभे राहिलेले नाहीत. आणि निकालानंतर तीनच आठवड्यांत, दीड वर्षाच्या वेढ्यानंतर, अल-फाशेर शहर रॅपिड सपोर्ट फोर्सेस या निमलष्करी दलाच्या हाती पडले. ही फौज जंजावीदांतूनच उभी राहिलेली आहे.