पागेत घोडे नाहीत

इंदूरच्या पागनीस पागेत माझी काकू राहते. परवा पार्सल घेऊन आलेल्या पोराने जिना चढता चढता तिला विचारलं, "आंटी, ये पागा क्या होता है?" काकू म्हणाली, "अरे बाबा, घोडों का घर." पोराने खाली वाकून पाहिलं. बोळात चार स्कुट्या आणि एक झोपलेलं कुत्रं.

पागा म्हणजे घोडदळाचा तबेला. तिचा हिशेब ठेवणारा तो पागनीस, फडणीस-चिटणिसांचाच भाऊबंद. १८१८ च्या मंदसोर तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली. राजवाड्याभोवती बाजाराची दाटी, तिथली हातभर जागाही मोलाची. घोड्यांना मात्र चारा, पाणी, मोकळं रान हवं. एवढी जमीन परवडते ती गावाच्या कडेलाच. बागा, राजघराण्याच्या समाधीवरच्या छत्र्या, तोफा, पलटणी यांचंही तसंच. जागा भरपूर खातात आणि भर पेठेत असण्याची त्यांना गरज नसते. छत्रीबाग, रामबाग, तोपखाना, छावनी ही नावं आठवून पाहा.

नगरभूगोलात अशा जागांच्या माळेला 'कडेचा पट्टा' म्हणता येईल. हर्बर्ट लुई या जर्मन भूगोलज्ञाने तो १९३६ मध्ये बर्लिनच्या अभ्यासात दाखवला. पुढे भूगोलज्ञ एम. आर. जी. कॉन्झेन यांनी इंग्लंडमधल्या अ‍ॅनिक या लहानशा गावाचा नकाशा प्लॉट-प्लॉट तपासला आणि १९६० मध्ये ही कल्पना नीट मांडली. गाव एका दमात वाढत नाही. वाढ थबकली की कडेला जागाखाऊ गोष्टी साचतात. बांधकामाला पुन्हा जोर आला की वस्ती त्यांना ओलांडून पुढे जाते आणि पट्टा शहराच्या पोटात राहतो. मग तिथे जमिनीचा वापर सर्वांत आधी बदलतो, इमारती त्यामागून. रस्त्यांची आखणी सर्वांत चिवट, असं कॉन्झेन सांगतात. आमच्याकडे नाव त्याहून चिवट निघालं.

गिरण्यांची गतही हीच. इंदूरची हुकुमचंद मिल ही कापडगिरणी १९९१ मध्ये बंद पडली, तोवर शहर तिला वळसा घालून कधीच पुढे गेलं होतं.

आजची कड बायपासवर आहे: गोदामं, इंजिनिअरिंग कॉलेजं, मॅरेज गार्डनं. काकूच्या मुलाने तिकडेच फ्लॅट घेतलाय. लग्नसराईत त्याची झोप उडते. बँड, फटाके, आणि खिडकीखाली मध्यरात्रीपर्यंत फुरफुरणारी नवरदेवाची घोडी.