लाल क्लीट म्हणजे पाय जखडला?

ठाण्यातल्या येऊरच्या पायथ्याशी सायकली टेकवून चहा घेताना नवख्याला हा सल्ला हमखास मिळतो: "लाल क्लीट घेऊ नकोस, पाय जखडतो." क्लीट म्हणजे बुटाच्या तळाला लावायचा, पेडलमध्ये अडकणारा तुकडा. सल्ला अर्धाच खरा आहे. शिमानो कंपनीच्या एसपीडी-एसएल पेडलच्या क्लीटमध्ये लाल म्हणजे 0 अंश, निळी 2, पिवळी 6. क्लीट पेडलमध्ये अडकल्यावर टाच एकूण तेवढीच आजूबाजूला फिरते. पण लुक कंपनीच्या किओ पेडलच्या क्लीटमध्ये लालच सर्वांत मोकळी, 9 अंश! करडी 4.5, आणि जखडणारी असते ती काळी. दोन्हींना तीन बोल्ट, त्यामुळे एकाच बुटाला दोन्ही बसतात; एकमेकांच्या पेडलला मात्र नाही. घोडबंदर रोडच्या सिग्नलला पाय सुटत नसेल तर रंगाला दोष देण्याआधी पेडलच्या स्प्रिंगचा स्क्रू ढिला करून पाहा.