ट्रेनने आपला सांधा आपणच बदलायचा, ही कल्पना आली कुठून

फोंड्याला आमच्या घरी चवथीला गणपतीपुढे छोटी ट्रेन फिरते, आणि यंदा एक फेरी पुढून, एक फेरी मखराच्या मागून असा बेत आहे, म्हणजे सांधा (एक रूळ दोन वाटांना फुटतो तिथला सरकता भाग) दरवेळी बदलायला हवा आणि तोही कुणी बटण न दाबता. हे वायरिंग करायच्या आधी त्याचा इतिहास माहीत असला की काय कशासाठी लावतात ते पटकन कळतं, म्हणून लिहितोय.

खऱ्या रेल्वेत सांधा हे माणसाचं काम होतं. मुरगाव बंदरातून घाट चढून कॅसलरॉकला जाणारी आपली मीटरगेज लाईन १८८० च्या दशकात झाली, तो जमाना हाताने लीव्हर ओढायचाच. सिग्नल आणि सांध्याचे लीव्हर एकमेकांत अडकवायचे, म्हणजे चुकीचा ओढताच येत नाही, याचं पेटंट इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबीने १८५६ ला घेतलेलं. खेळण्यात मार्कलिन या जर्मन कंपनीने १८९१ ला लाइपझिगच्या जत्रेत इंग्रजी आठच्या आकाराचा ट्रॅक मांडला आणि तेव्हापासून ट्रेन घेतली की दरवर्षी रूळ वाढवत न्यायची सवय लोकांना लागली, पण सांधा बोटानेच सरकवायचा.

मग कॉईल आल्या, म्हणजे करंट दिला की चुंबक होणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या. दोन कॉईल, मधे लोखंडी दांडा, जिला करंट मिळेल ती दांडा आपल्याकडे ओढते. पण कॉईलला फक्त झटका द्यायचा असतो, सतत करंट दिला की ती जळते. आमच्याकडे एका पावसाळ्यात बटणाचा काँटॅक्ट गंजून आतच चिकटला, आधी उग्र वास आला आणि खाली हात घातला तर कॉईलवरचं प्लॅस्टिक मऊ झालेलं. यावर उपाय कपॅसिटरचा, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या छोट्या भागाचा: साठवलेली वीज एका दमात सोडायची, आणि बटण दाबलेलंच राहिलं तरी तो पुन्हा भरत नाही, म्हणून कॉईल वाचते. गोव्याच्या दमट हवेत तर हे लावल्याशिवाय कॉईल जोडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ट्रेननेच सांधा बदलायची युक्ती मला सगळ्यात आवडते ती अमेरिकेच्या लायोनेल या खेळण्यातल्या ट्रेनच्या कंपनीची. त्यांचे रूळ तीन, बाहेरचे दोन्ही एकाच वायरला जोडलेले आणि चाकं-अ‍ॅक्सल सगळं धातूचं. सांध्याजवळ बाहेरच्या रुळाचा एक तुकडा वेगळा काढून कॉईलला जोडला, चाक त्यावर चढलं की अ‍ॅक्सलमधून सर्किट पुरं होतं आणि गाडी पोचायच्या आत सांधा तिच्या बाजूने वळलेला असतो. दोन रुळांच्या ट्रेनमध्ये असं जमत नाही, कारण तिथे दोन रुळांतच प्लस-मायनस असतं आणि चाकं एकमेकांपासून इन्सुलेट करावी लागतात. तिथे कामाला आला रीड स्विच, काचेच्या नळीतल्या दोन पात्या, चुंबक जवळ आला की चिकटतात. हा बेल लॅबमध्ये वॉल्टर एलवूडने १९३६ ला काढला, म्हणजे टेलिफोनवाल्यांकडून आलेली वस्तू. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मॉडेल रेलरोड क्लबनेही (स्थापना १९४६) टेबलाखाली टेलिफोन एक्स्चेंजचे रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) भरले होते, फोनची डायल फिरवून ट्रेन चालवायचे, आणि हॅकर हा शब्द त्याच पोरांकडून कॉम्प्युटरवाल्यांत गेला. त्यामुळे आपलं हे वायरिंग खऱ्या रेल्वेपेक्षा टेलिफोनच्या जास्त जवळचं आहे असं मला वाटतं.

पुढे जर्मनीच्या लेंझची डिजिटल पद्धत नव्वदच्या दशकात स्टँडर्ड झाली, रुळातूनच सांध्याला हुकूम जातो. आता बरेच जण आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) आणि छोटी सर्व्हो मोटर (सांगितलं तेवढंच वळणारी) लावतात, सांधा खऱ्यासारखा हळू सरकतो.

मी मात्र यंदा रीडच लावतोय, दोन्ही वाटांवर एकेक, सांधा ओलांडल्यावर. रीडवरून थेट कॉईल चालवायची नाही, पात्या चिकटून बसतात, मधे रिले हवा. आणि चुंबक इंजिनाखाली नको, शेवटच्या डब्याखाली लावायचा, नाहीतर मागचे डबे सांध्यावर असतानाच तो बदलतो.